जर्मनीतला पहिला हिवाळा : ऑक्टोबर संपायच्या आत उरकायची कामं

भारतातून जर्मनीत येणारे बहुतेक जण थंडीची धास्ती घेऊन येतात आणि आल्या आल्या जाडजूड जॅकेट घेऊन मोकळे होतात. जॅकेट लागतंच. पण पहिल्या हिवाळ्यात खिशाला आणि डोक्याला खरा ताप होतो तो घरातल्या ओलाव्याचा, अंधाराचा आणि न वाचलेल्या भाडेकराराचा. बर्फ त्या मानाने सोपा. म्हणून या लेखात घराला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

आधी हवा समजून घ्या. ऑक्टोबरचे पहिले दोन-तीन आठवडे फसवे असतात. झाडं पिवळी-तांबडी होतात, दुपारी बऱ्याचदा १५ ते २० अंश असतं, लोक कॅफेच्या बाहेर उन्हात बसलेले दिसतात. याला इथे ‘गोल्डनर ऑक्टोबर’ म्हणतात. मग नोव्हेंबर लागतो. सरासरी तापमान ५ अंशांच्या आसपास, सतत झिमझिम, नद्यांच्या खोऱ्यांत दिवसचे दिवस धुकं. महिनाभरात सूर्य मिळून ५०-५५ तास दिसतो. पुण्यात एवढं ऊन नोव्हेंबरच्या एका आठवड्यात पडतं. “५ अंश काय, निफाडला पण होतात,” असं म्हणणारे बरेच भेटतात. होतात, पण पहाटे. दुपारी तिथे पंचविशी गाठलेली असते. इथे दुपारीही जेमतेम ७-८ आणि वर ओला वारा, हा फरक पहिल्या पंधरा दिवसांत हाडांना कळतो.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे ३ वाजता घड्याळ एक तास मागे जाऊन पुन्हा २ वाजतात (२०२६ मध्ये ही तारीख २५ ऑक्टोबर). भारताशी असलेलं अंतर साडेतीन तासांवरून साडेचार तासांवर जातं. ऑफिस सुटल्यावर आई-बाबांना फोन करायची सवय असेल तर त्यांच्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-अकरा झालेले असतात. फोनची वेळ आधीच ठरवून घ्या.

हाताशी काय हवं

कागद:
- भाडेकरार (मीटफेरत्राग) आणि इमारतीची नियमावली (हाउसऑर्डनुंग)
- घर ताब्यात घेतानाची नोंद आणि तेव्हाचे फोटो
- गेल्या वर्षीचा हीटिंगचा हिशोब, आला असेल तर
- प्रायव्हेट हाफ्टफ्लिष्ट विम्याची (तुमच्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणाऱ्या) पॉलिसी
- आरोग्य विम्याचं कार्ड आणि लसीकरणाची वही

वस्तू:
- हायग्रोमीटर, म्हणजे तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र. १०-१५ युरोत मिळतं. दोन घ्या, एक झोपायच्या खोलीत ठेवायला.
- रेडिएटरची हवा काढायची चौकोनी चावी, बाउमार्क्टमध्ये (घरदुरुस्तीच्या सामानाच्या मोठ्या दुकानात) दोन-तीन युरोला
- काच पुसायचं रबरी वायपर
- गाडी असेल तर बर्फ खरवडायची पट्टी, हातझाडू आणि न गोठणारं काचेचं पाणी

१. रेडिएटर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच तपासा

हीटिंगचा हंगाम साधारण १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल धरतात. सगळे रेडिएटर एकदा पूर्ण उघडून अर्धा तास थांबा. वरचा भाग गार, खालचा गरम किंवा आत गुळगुळ आवाज येत असेल तर आत हवा अडकली आहे.

ती काढायला थर्मोस्टॅट पूर्ण उघडा. दुसऱ्या टोकाला वर एक छोटा चौकोनी खिळा दिसेल. त्याखाली कप धरा, भोवती फडकं ठेवा आणि चावी डावीकडे जेमतेम अर्धा फेरा फिरवा. सुस्स करून हवा निघेल. फुरफुर थांबून पाण्याची सलग धार लागली की लगेच बंद करा. पाणी गरम आणि काळपट असतं, फिकट गालिच्यावर डाग पडतो. फ्लॅटमध्ये स्वतंत्र गॅसथेर्मे (गॅसवरचा बॉयलर) असेल तर नंतर दाब पाहा, तो बहुधा १ ते २ बारच्या दरम्यान हवा. इमारतीचं हीटिंग सामायिक असेल तर हाउसमाइस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याला, कळवा की हवा काढली, कारण दाब त्यांनाच भरावा लागतो.

हवा काढूनही रेडिएटर गारच असेल तर घरमालकाला ईमेल करा. फोन नको, लेखी हवं. दिवसा राहत्या खोल्यांत २० ते २२ अंश मिळायला हवेत, असं जर्मन न्यायालयं साधारण धरतात. खोलीच्या मधोमध ठेवलेल्या थर्मामीटरचा, वेळ दिसेल असा फोटो जोडा. दुरुस्ती करणारे डिसेंबरात आठवडेच्या आठवडे भेटत नाहीत. ऑक्टोबरात तपासायचं ते यासाठीच.

२. थर्मोस्टॅटवरचे आकडे म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर नव्हे

नव्याने आलेला जवळजवळ प्रत्येक माणूस ही चूक करतो. घरात आल्यावर गारठा वाटतो म्हणून नॉब ५ वर, गरम व्हायला लागलं की शून्यावर. नॉबवरचा आकडा म्हणजे खोलीचं हवं असलेलं तापमान. साधारण असा हिशोब धरा : चांदणीचं चिन्ह म्हणजे ६ अंश (गोठण्यापासून बचाव), १ म्हणजे १२, २ म्हणजे १६, ३ म्हणजे २०, ४ म्हणजे २४ आणि ५ म्हणजे २८. तुम्ही ३ लावा नाहीतर ५, खोली २० अंशांपर्यंत तेवढ्याच वेगाने तापते. ५ वर ती पुढेही तापतच राहते, एवढंच.

बैठकीत ३, झोपायच्या खोलीत २ ते अडीच पुरतं. एक अंश कमी केला तर हीटिंगची ऊर्जा सुमारे ६ टक्के वाचते. मात्र वाचवायच्या नादात एखादी खोली पूर्ण बंद करून तिचं दार उघडं टाकू नका. शेजारच्या खोलीतली उबदार, दमट हवा तिथल्या गार भिंतीवर जाऊन बसते आणि बुरशी धरते. गार खोलीचं दार लावलेलं हवं.

थर्मोस्टॅटवर पडदा येत असेल किंवा समोर सोफा असेल तर त्याला खोली आहे त्यापेक्षा गरम वाटते आणि तो लवकर बंद होतो. पडदे आखूड करा, सोफा सरकवा.

३. ओलावा बाहेर काढा

चार माणसांच्या घरात रोज ६ ते १२ लिटर पाणी वाफेच्या रूपाने हवेत जातं. श्वास, अंघोळ, स्वयंपाक, कुंड्या, वाळत घातलेले कपडे, सगळं धरून. आपल्याकडे खिडक्या फटींनी भरलेल्या, वाफ निघून जाते. जर्मन खिडकी घट्ट बसते आणि वाफ आतच कोंडते.

आपल्या स्वयंपाकाने त्यात भरच पडते. कुकरच्या शिट्ट्या, उकडीचे पदार्थ, तासभर रटरटणारी आमटी. चुलीवरच्या पंख्यावर विसंबू नका. बऱ्याच भाड्याच्या घरांत तो ‘उमलुफ्ट’ प्रकारचा असतो, म्हणजे हवा गाळून पुन्हा खोलीतच सोडतो. तेलकटपणा अडतो, वाफ तिथेच राहते. तुमचा पंखा कोणता ते पाहा : मागून जाड नळी भिंतीबाहेर जात नसेल तर तो उमलुफ्ट. स्वयंपाक करताना दार लावून घ्या आणि झाल्याबरोबर खिडकी सताड उघडा.

यामागचं गणित एकदा समजलं की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत. २० अंशांची हवा दर घनमीटरला जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम वाफ धरते, शून्य अंशाची जेमतेम ५ ग्रॅम. म्हणून बाहेर पाऊस पडत असला तरी ती गार हवा आत येऊन तापली की कोरडी ठरते आणि घरातला ओलावा शोषते. “पाऊस चालू आहे, खिडकी उघडली तर आणखी दमट होईल,” हा कोकणातला अनुभव इथल्या नोव्हेंबरला लागू नाही.

खिडकी उघडायची रीत अशी :

अ) थर्मोस्टॅट खाली करा. नाहीतर थंड झोत लागून तो पूर्ण उघडतो आणि तुम्ही बाहेरचं अंगण तापवता.

आ) समोरासमोरच्या खिडक्या पूर्ण उघडा. ऑक्टोबरात १२ ते १५ मिनिटं, नोव्हेंबरात ८ ते १०, कडक थंडीत ४ ते ६ पुरतात. बाहेर जितकं गार तितका वेळ कमी.

इ) बंद करा, थर्मोस्टॅट परत जागेवर आणा.

हे दिवसातून तीन-चार वेळा. उठल्यावर झोपायची खोली आणि अंघोळीनंतर बाथरूम, या दोन वेळा चुकवायच्या नाहीत. अंघोळ झाल्यावर फरशा आणि काच वायपरने ओढून घेतली तर बरंच पाणी हवेत जायच्या आत मोरीत जातं.

सापळा आहे तिरक्या खिडकीचा. वरून थोडी कललेली (किप्प) खिडकी दिवसभर उघडी ठेवली की हवा खेळती आहे असं वाटतं. खरं तर हवा फारशी बदलत नाही आणि खिडकीभोवतीची भिंत मात्र गार पडत जाते. काळे ठिपके पहिले तिथेच उमटतात.

हायग्रोमीटरवर ४० ते ६० टक्के चांगलं, हिवाळ्यात ५०च्या आसपास ठेवलेलं उत्तम. खोलीत २० अंश आणि ५० टक्के आर्द्रता असताना भिंतीचा एखादा कोपरा १२.६ अंशांच्या खाली गेला की तिथे बुरशीला पोषक ओल तयार होते. जुन्या, इन्सुलेशन नसलेल्या इमारतीत बाहेरच्या भिंतीचे कोपरे सहज तेवढे गार होतात. म्हणून कपाट आणि पलंग बाहेरच्या भिंतीपासून निदान ५ ते १० सेंटीमीटर लांब. भारतातून आणलेल्या बॅगा पलंगाखाली कोंबून भिंतीला टेकवल्या तर मार्चमध्ये त्यांना वास येतो.

कपडे घरातच वाळवावे लागले तर एका खोलीत, दार लावून, हीटिंग चालू ठेवून आणि मधूनमधून खिडकी उघडून वाळवा. एका मशीनभर कपड्यांतून दीड-दोन लिटर पाणी हवेत जातं. इमारतीच्या तळघरात कपडे वाळवायची खोली (ट्रोकनराउम) आहे का, ते नियमावलीत पाहा. बऱ्याच ठिकाणी असते आणि नवीन लोकांना पत्ताच नसतो.

४. तरीही बुरशी दिसली तर

आधी फोटो, मग पुसणं. घरमालकाला लगेच लेखी कळवा. कळवायला उशीर केल्याने नुकसान वाढलं तर त्याची भरपाई तुमच्याकडे मागता येते. घरमालकाचं पहिलं उत्तर बहुधा “तुम्ही खिडक्या उघडत नाही” हेच असतं. त्याला उत्तर म्हणून रोजचा आकडा लिहिलेला कागद उपयोगी पडतो : तारीख, तापमान, आर्द्रता, खिडकी किती वेळा उघडली.

वरवरचा, अर्ध्या चौरस मीटरपेक्षा छोटा डाग ७० ते ८० टक्के अल्कोहोलने स्वतः पुसता येतो. हातमोजे, मास्क, खिडकी उघडी, जवळपास ज्योत नाही. व्हिनेगर लावू नका, चुन्याच्या भिंतीवर ते निष्प्रभ होतं. आणि आपल्या मनाने भाडं कापू नका. रक्कम चुकली तर घर सोडायची नोटीस येऊ शकते. आधी मीटरफेराइनचे, म्हणजे भाडेकरू संघटनेचे, सभासद होऊन सल्ला घ्या.

५. हीटिंगचं बिल वर्षभराने येतं

भाड्यासोबत दरमहा भरता तो आगाऊ अंदाज. सामायिक हीटिंग असलेल्या इमारतीत खर्चाचा ५० ते ७० टक्के भाग प्रत्यक्ष वापरावर आणि उरलेला बहुधा घराच्या क्षेत्रफळावर वाटतात. हिशोबाचं वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत घरमालकाने तो द्यायचा असतो. ‘वार्ममीटं’ (हीटिंगसकट भाडं) या शब्दामुळे फसू नका, त्यात हवं तेवढं हीटिंग फुकट नसतं. तुमच्या आधीचा भाडेकरू एकटा असेल आणि तुम्ही चौघे असाल तर दर महिन्याला काही रक्कम बाजूला टाका.

६. कपडे : कांद्यासारखे थर

जर्मन लोक याला ‘त्स्वीबेलप्रिन्त्सिप’, म्हणजे कांद्याचं तत्त्व, म्हणतात. कारण साधं आहे. बाहेर २ अंश, ट्राममध्ये २०, ऑफिसात २२. एकच जाड कपडा कुठेच धड नसतो.

आतला थर अंगालगत, मेरिनो लोकर किंवा सिंथेटिक. सुती बनियन नको, ते घाम धरून ठेवतं आणि थांबलात की गारठवतं. मधला थर फ्लीस किंवा स्वेटर. बाहेरचा थर वारा आणि पाणी अडवणारा. लेबलवर पाण्याचा दाब मिलिमीटरमध्ये दिलेला असतो, रोजच्या पावसाला १०,००० चांगला.

पैसे खर्चायचेच तर बुटांवर खर्चा. खोल नक्षीचा, मऊ रबराचा तळ आणि जाड मोजा घालून बोटं हलतील इतकी जागा. घट्ट बुटात पाय अधिक गार पडतात. भारतातून जॅकेट आणायची गरज नाही, इथे जुन्या वस्तूंच्या बाजारात उत्तम माल निम्म्याहून कमी किमतीत मिळतो.

७. मुलं

किंडरगार्टनमध्ये मुलांना पावसातही बाहेर नेतात, त्यावर हुज्जत घालून उपयोग नाही. लागतं ते असं : चिखलाची रबरी विजार (माचहोजं), गमबूट, उबदार टोपी, वॉटरप्रूफ हातमोजे दोन जोड्या आणि प्रत्येक वस्तूवर नाव. रबरी विजार पाणी अडवते, ऊब देत नाही. आत फ्लीसची पँट हवी. लांब मफलर देऊ नका. घसरगुंडीवर अडकून गळ्याला फास बसू शकतो, म्हणून बंद गळपट्टीच आणायला सांगतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात भरणारे मुलांच्या जुन्या कपड्यांचे बाजार गाठा.

गाडीच्या सीटमध्ये बसवताना जाड जॅकेट काढा. पट्टा फुगीर कपड्यावर घट्ट वाटतो, धडकेत सैल पडतो. पट्टा लावून वरून पांघरूण घाला.

८. अंधार आणि तब्येत

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात हांबुर्गला सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि चारच्या सुमाराला मावळतो. ऑफिसला जाताना अंधार, येताना अंधार. दुपारच्या सुट्टीत अर्धा तास बाहेर चाला, आभाळ भरलेलं असलं तरी.

ऑक्टोबर ते मार्च इथलं ऊन त्वचेत ड जीवनसत्त्व तयार व्हायला पुरत नाही आणि सावळ्या त्वचेला उन्हाळ्यातही जास्त वेळ लागतो. त्वचेत ते तयार होत नसेल तर मोठ्यांना दिवसाला २० मायक्रोग्रॅम, म्हणजे ८०० युनिट, लागतात असं इथे धरतात. भारतातून आणलेल्या ६०,००० युनिटच्या पुड्या रक्ततपासणी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय आठवड्याला घेत बसू नका.

फ्लूची लस ऑक्टोबर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत घ्यावी. साठीच्या पुढचे, गरोदर स्त्रिया आणि मधुमेह-दमा असलेले यांच्यासाठी तिची शिफारस आहे. हिवाळ्यात आई-वडील येऊन राहणार असतील तर त्यांना निघण्याआधी तिकडेच लस द्या. दवाखाना बंद असताना डॉक्टर हवा असेल तर ११६११७, जिवावर बेतलं तर ११२.

९. दारातला बर्फ कोण काढणार?

करारात ‘विंटरडीन्स्ट’ (बर्फ काढायचं काम) शब्द शोधा. घरमालक हे काम भाडेकरूंवर सोपवू शकतो. तसं असेल तर तुमच्या पाळीच्या आठवड्यात फुटपाथ साधारण सकाळी ७ ते रात्री ८ दोन माणसं ओलांडतील इतका मोकळा ठेवायचा. नेमक्या वेळा गावागणिक वेगळ्या. “मी ऑफिसात होतो” हे कारण चालत नाही, बदली माणूस ठेवावा लागतो. बऱ्याच शहरांत मीठ टाकायला बंदी आहे, बारीक खडी किंवा वाळू वापरतात. कुणी घसरून हाड मोडलं तर दावा लाखांत जाऊ शकतो. हाफ्टफ्लिष्ट विमा हवा तो इथे.

१०. गाडी आणि सायकल

रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा दहिवराची निसरड असेल तर हिवाळी टायर सक्तीचे. टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात बर्फाची चांदणी हवी. नुसतं ‘एम प्लस एस’ (M+S, चिखल-बर्फाची जुनी खूण) असलेलं टायर १ ऑक्टोबर २०२४ पासून चालत नाही. दंड ६० युरो आणि वाहनचालकाच्या नावावर एक दंडाचा पॉइंट. कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटर पुरते, बर्फात ४ हवी. गॅरेजची वेळ सप्टेंबरातच घ्या. चाकं बदलल्यावर ५० किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्या. काचेवरचा बर्फ पूर्ण खरवडायचा, भोकातून बघत चालवायचं नाही. खरवडताना इंजिन चालू ठेवलं तरी दंड होतो.

सायकलला पुढे पांढरा, मागे लाल दिवा. पानांचा ओला थर बर्फाइतकाच घसरतो, वळणावर ब्रेक मारू नका.

११. तुळस आणि कढीपत्ता

रात्रीचं तापमान १० अंशांखाली जायला लागलं की दोन्ही आत घ्या, म्हणजे बऱ्याच ठिकाणी सप्टेंबरअखेर. आणण्याआधी पानांची खालची बाजू तपासा, मावा असेल तर साबणाच्या पाण्याने धुवा. दक्षिणेकडची खिडकी उत्तम, पण रेडिएटरच्या अगदी वर नको; कोरड्या झोताने पानं करपतात. कढीपत्ता हिवाळ्यात पानं गाळतो. ते बघून लोक घाबरून पाणी वाढवतात आणि मुळं कुजतात. वरची दोन बोटं माती सुकल्याशिवाय पाणी नाही, खत तर मार्चपर्यंत नाहीच. तुळस बहुधा टिकत नाही, म्हणून ऑक्टोबरातच मंजिऱ्या सुकवून बी ठेवा. आणि एप्रिलचं ऊन बघून कुंड्या बाहेर काढायची घाई नको. ११ ते १५ मे हे ‘आइसहायलिगन’चे, म्हणजे ‘बर्फाच्या संतां’चे, दिवस, तोवर दहिवर पडू शकतं. इथले जुने माळी त्यानंतरच कुंड्या बाहेर ठेवतात.